अठ्ठेचाळिसावा फॉर्म

अठ्ठेचाळिसाव्या फॉर्मवर वयाच्या चौकटीत १७ लिहिलं होतं, आणि चेतनाचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

बाकीचे सत्तेचाळीस तिने चहा निवायच्या आत वाचून संपवले होते. सतरा-अठराची पोरं मत देताना शाई फारशी खर्च करत नाहीत. ‘हिरो क्यूट. गाणं बोअर.’ ‘ओके ओके.’ एकाने नुसतं गिटारचं चित्र काढून त्याला डोळे लावले होते. ह्या अठ्ठेचाळिसाव्याने मात्र डावीकडे समास सोडला होता, पुढची बाजू संपल्यावर मागच्या बाजूला सुरुवात केली होती आणि शेवटी लिहिलं होतं : ‘ता. क. ड्रमवाल्याला सम सापडत नाही. मध्यंतरातला वडा बरा होता.’ गाण्याला गुण, दहापैकी चार.

मुलुंडमधला कोणता सतरा वर्षांचा मुलगा ता. क. घालतो?

चेतना संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाली होती आणि आठ महिन्यांपासून एका लहानशा सर्व्हे कंपनीत होती. सिनेमा प्रदर्शित होण्याआधी निवडक लोकांना दाखवायचा, त्यांची मतं गोळा करून निर्मात्यांना कळवायची, हे कंपनीचं काम. ह्या वेळचा सिनेमा कॉलेजातल्या प्रेमाचा आणि विनोदी, म्हणून प्रेक्षक पंधरा ते एकोणीस वयाचेच हवे होते. नायक बोरिवलीचा. गाणी लिहितो, चाल लावतो, इंटरनेटवर टाकतो. ऐकणारे एकूण त्रेचाळीस. नायिका टोपणनावाने एक पेज चालवते, त्यावर अशा इंडी गाण्यांची सालं काढते. ह्याच्या गाण्याबद्दल लिहिते, ‘नळ नीट बंद न केल्यासारखं वाटतं.’ मग भांडण, मग प्रेम, आणि शेवटी कॉलेजच्या फेस्टमध्ये तो तिच्यासाठी सहा मिनिटांचं गाणं गातो. ती पाणावल्या डोळ्यांनी बघत राहते. संपलं.

ते सहा मिनिटांचं गाणं प्रांजलचं होतं, आणि प्रांजल चेतनाच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहत होता. पाच वर्षं कॅफेंमध्ये मिक्सरच्या घरघरीवर गाऊन झाल्यावर त्याला मिळालेलं हे पहिलं सिनेमाचं गाणं. निर्मात्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं : गाण्याची सरासरी सहाच्या खाली गेली, तर कापून चाळीस सेकंदांवर आणायचं.

सरासरी आली पाच पूर्णांक सहा.

संध्याकाळी चेतना फॉर्म घेऊन खाली गेली, तर प्रांजलने फोनवर कळलेल्या सरासरीवरून हिशेब मांडूनच ठेवला होता.

“एकोणीस गुण कमी पडतायत. एकोणीस पोरांना एकेक वाढव. पाचाचा सहा करायला कितीसा वेळ लागतो? कोणाला कळणार नाही, यार.”

“मला कळेल ना.”

“तू अशीच आहेस. शाळेत पण तू बाईंना सांगितलंस की माझं बीज मी नाही, आईने रुजवलंय.”

“रुजवलंच होतं आईने. ते सोड. हे काय आहे?” तिने अठ्ठेचाळिसावा फॉर्म त्याच्या नाकासमोर धरला.

प्रांजलने अक्षर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. मग त्याची नजर खाली उतरत गुणांच्या चौकटीपर्यंत गेली. “चार?” तो ओरडला. “आजोबा! चार?”

आतल्या खोलीतून धाकू आजोबा पंच्याने तोंड पुसत बाहेर आले. प्रांजलच्या आईचे वडील, वय एकाहत्तर. गिरणीत होते तेव्हापासून कोकणातल्या लोकांच्या डबलबारीत भजनीबुवा म्हणून त्यांचं नाव होतं. आवाज अजून असा की ते देव्हाऱ्यापुढे आरती म्हणायला लागले की चौथ्या मजल्यावरच्या विमलाकाकू टीव्ही बंद करत.

“चार जास्तच दिलंय,” आजोबा म्हणाले. “नातू म्हणान.”

“मी तुम्हाला मागच्या दाराने आत घेतलं ते कशासाठी? एक तरी दहा पक्के होतील म्हणून!”

“माका इचारल्यानी, गाणा कसा वाटला. ता मी लिवलंय. खोटा कित्याक लिवू?”

“आणि वय?” चेतनाने विचारलं.

“आकडे दोनव माझेच आसत गो,” आजोबा शांतपणे म्हणाले. “खुर्चेर बसताना जरा उलटे बसले.”

चेतनाला हसू आवरणं जड गेलं. हा माणूस पुढच्या फॉर्मवर काय भरेल ह्याचा नेम नव्हता. पण मागच्या पानावरचं जे तिला दुपारपासून छळत होतं, ते तिने विचारलंच. “तुम्ही लिहिलंय, ‘बारी झालीच नाही.’ म्हणजे काय?”

आजोबा खुर्ची ओढून बसले. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर असतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, टोमणा मारायचा. दुसऱ्याने त्याच तालात परतवायचा. जो गप्प बसला तो हरला. “तुमचा ता चेडू दोन तास सगळ्यांच्या गाण्याची हजामत करता. मेल्याचा बोलणा काय, वा! आणि ह्यो सा मिनिटां गाता तेव्हा तिची जीभ खंय गेली? नुसती बघता. समोरचो बोलतच नाय तर ह्येना जिंकला काय? माका झोप इली.”

“ती इमोशनल झालीये, आजोबा!” प्रांजल कळवळून म्हणाला.

“झाली तर झाली. तोंड हा ना तिका?”

चेतना उठली. तिच्या डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं होतं. खेळ चालू असताना ती शेवटच्या रांगेत बसून दर अर्ध्या मिनिटाला अंधारात पेटलेले मोबाइल मोजून वहीत टिपत होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला मोजायला आवडायचं, इतकंच. सोमवारी सकाळी ऑफिसात तिने ती वही आणि सिनेमा शेजारी ठेवले. गाण्याची पहिली दोन मिनिटं : दोन, तीन, तीन, दोन. मग एकदम नऊ, चौदा, बावीस. मग उतरून अकरा, आणि पुन्हा सव्वीस. तिने चित्र मागेपुढे करून पाहिलं. आकडा चढायला लागतो तेव्हा कॅमेरा नायिकेच्या गप्प चेहऱ्यावर असतो. उतरतो तेव्हा नायकावर परतलेला असतो. पोरांना गाणं नकोसं नव्हतं झालं. त्यांना ती न बोलणारी मुलगी नकोशी झाली होती.

तिने अहवालात सरासरी पाच पूर्णांक सहाच लिहिली. खाली मोबाइलचा तक्ता जोडला, आणि एका खेळावरून काही सिद्ध होत नाही हेही लिहिलं. शेवटी वेगळा परिच्छेद : ‘वयोमर्यादेबाहेरचा एक प्रेक्षक. वय ७१. मोजणीत धरलेला नाही. मत सोबत जोडलं आहे.’

तिच्या वरिष्ठ नलिनी मॅडमनी अहवाल वाचून चष्मा काढला. “मागच्या दाराने? आणि तू ते लिहून पाठवणार?”

“मत चांगलं आहे, मॅडम.”

“मत चांगलंच आहे. उद्या मला शिव्या बसल्या तर तू ऐक.”

शिव्या बसल्या, पण अर्धंच मिनिट. मग सिनेमाच्या दिग्दर्शिकेने विचारलं की हे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ कुठे भेटतील. गाणं राहणार होतं, अख्खं. फक्त दुसऱ्या कडव्यानंतर मुलगी गर्दीतून माइक हिसकावून उत्तर देणार, आणि ते उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

प्रांजल मंगळवारी दिवसभर वही घेऊन बसला. स्वतःच्याच गाण्याची टर उडवायला त्याची लेखणी उचलेना. त्याने लिहिलेली मुलगी म्हणत होती, ‘तुझे शब्द किती खोल.’ संध्याकाळी चेतनाने ते वाचलं आणि वही आजोबांकडे सरकवली.

“तुझी गाण्याची वळ काय ती म्हण,” आजोबा म्हणाले.

प्रांजलने पडल्या आवाजात म्हटली, “तुझ्या गच्चीवर माझा चंद्र उतरला...”

आजोबांनी टेबलावर ठेका धरला, डोळे मिटले आणि सिनेमातल्या सतरा वर्षांच्या मुलीचा मान राखून जरा वरच्या पट्टीत सुरू केलं :

“गच्चीला आमच्या कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे,
चंद्र उतरला कुठून तुझा, सांग आधी इकडे!”

चेतना इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. प्रांजल हसला नाही. त्याच्या ओळीवर त्याने आठ महिने काढले होते. त्याने गिटार ओढून घेतली.

“किल्ली सेक्रेटरीकडे काय? थांबा. ह्याला उत्तर आहे माझ्याकडे.”

“गा तर,” आजोबा म्हणाले, आणि चेतनाला पायाने खुर्ची सरकवली. “बस गो. ही बारी आता लवकर संपणा नाय.”