लाल झग्यामागचा भोपळा

"कापतो म्हणे! कापून तं दाखवा!" वच्छला वेलाला आडवी उभी राहिली.

अमरावतीच्या गिरजाघराची मागची भिंत तिचा बाप सहदेव माळी याच्या वाडीला लागून होती. त्या भिंतीवर, नेमका खिडकीसमोर, बियाण्यासाठी राखलेला भोपळा लटकत होता. वाळायच्या आत देठ तुटला, की पुढच्या सालाचं बी गेलं! आणि मुंबईचे फोटोवाले विठोजी तर विळा मागत होते. कापसाच्या तेजीत हात ओले झालेल्या साहेबांनी या खिडकीसाठी विलायतेहून रंगीत काच आणवली होती. तिचा फोटो त्यांना घरी धाडायचा होता.

"पोरी, पानं बांधता येतील बाजूला," विठोजी म्हणाले. "पण भोपळा खिडकीबाहेर सरकेल एवढा देठ लांब नाही. त्याचा काळा डाग पडेल ना चित्रात!"

"पण आतून असं दिसते तरी काय?" बाहेरून तिला ती काच नेहमी मळकटच दिसायची.

"ये, बघ."

आत पाऊल टाकलं अन् वच्छलाचं तोंड उघडंच राहिलं. "अगे माय वं!" कोकरू घेतलेला एक धनगर उन्हात पेटल्यासारखा उभा! अंगावर पायघोळ लालभडक झगा, आणि पायाशी भोपळ्याची सावली.

विठोजींनी कालच्या दुसऱ्या खिडकीचं चित्र दाखवलं. काचेतली लाल फुलं त्यात काळीठिक्कर होती.

"हे फुलं काहून जळाले?"

"जळाली नाहीत गं. फोटोच्या काचेला लावतो त्या औषधाला लाल दिसतच नाही. लाल ते सगळं काळं येतं."

"सगळं?"

"सगळं."

वच्छलानं सावलीकडे पाहिलं, लाल झग्याकडे पाहिलं अन् खिडकीकडे धावली. "बाबा! भोपळा बेचक्यानं उचला! हळू! धनगराच्या झग्यामागं घ्या!"

"कोन धनगर व?" बाहेरून सहदेव ओरडला.

"तुमाले नाई दिसत, मले दिसते! उजवीकडं! तुमच्या नाई, माह्या उजवीकडं!"

सावली सरकत सरकत लाल झग्यात शिरली. बेचक्याची काठीही झग्याआड गेली. विठोजींनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

"बाबा, हलू नका! शिंकू बी नका!"

चित्र उमटलं तेव्हा झगा काळाभोर होता आणि डाग शोधूनही सापडेना. विठोजी खूश. आत आलेल्या सहदेवनं मात्र चित्र उलटंपालटं करून पाहिलं.

"अन् माहा भोपळा कुठी हाय?"

"हाय ना, झग्यामागं."

"हात मोडाले आले माहे, अन् दिसत बी नाई?"

पुटपुटतच तो बाहेर गेला. देठ दोन बोटांनी चाचपला, वाकून पाहिला, अन् मग कुठे हसला.