चांदीचं पाणी आणि आत्याचा परवाना

आत्या निळी झाली ती काही एका दिवसात नाही. पण झाली म्हणजे अशी झाली, की स्वतःच्या स्टुडिओतल्या निळ्या पडद्यापुढे बसली तर फोटोत नुसता चष्मा, दात आणि अंबाडा उतरायचा. कुणाला ही थाप वाटली तर वाटो. तो फोटो पाहिलेली माणसं अजून धडधाकट आहेत.

खरं म्हणजे ती एकट्या रंगाऱ्याच्या पोरांची आत्या. रंगारी हा तिचा धाकटा भाऊ, लोकांच्या घरांना रंग देणारा. पण पोरांची 'आत्या' ही हाक गल्लीभर पसरली. परवाना कचेरीच्या समोरच तिचा फोटो स्टुडिओ. ओळखपत्राला, नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असला की लोक तिच्या स्टुलावर येऊन बसायचे आणि ती त्यांना आहेत तसे काढायची. "जरा गोरी करा ना," असं कुणी लाडात आलं की म्हणायची, "ते काम तुझ्या आईबापांचं होतं. आता सरळ बस."

निळेपणाचं मूळ खोकल्यात होतं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं डार्करूममध्ये औषधांचा वास घेतलात. गोळ्या देते. आणि थोडे दिवस बोलणं कमी करा."

गोळ्या तिने घेतल्याही असत्या. बोलणं कमी करा म्हटल्यावर मात्र तिचं टाळकं सटकलं. "माझ्या तोंडाला कुलूप घालणारी ही कोण?" त्याच संध्याकाळी फोनवरच्या व्हिडिओत एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस सांगत होता, घरच्या घरी चांदीचं पाणी करा, प्या, सगळे रोग पळ काढतात. आत्याने त्याच्यावर विश्वास ठेवला तो केवळ डॉक्टरीणबाईंवरच्या रागाने.

सोनाराकडून तिने शुद्ध चांदीच्या दोन तारा ओढून आणल्या. गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी काचेच्या बरणीत ओतलं. तारा बरणीच्या काठाला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवल्या, चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडल्या आणि टोकं तारांना लावली. जरा वेळाने एका तारेवरून धुराची असावी तशी बारीक रेघ पाण्यात उतरू लागली. आत्याने दिवा मालवून बरणीवर टॉर्च मारला. पाण्यात उजेडाचा पट्टाच्या पट्टा उभा राहिला.

"बघ, बघ! पाणी जिवंत झालं!"

रंगारी बरणीत वाकून म्हणाला, "ताई, मी ब्रश धुतो ते पाणीही असंच दिसतं. ते कुणी पीत नाही."

"तुझ्या ब्रशाला अक्कल नाही म्हणून."

हे पाणी चमचाभर घ्यायचं असतं म्हणे. पण आत्या कुठल्याच बाबतीत चमच्यावर थांबलेली नव्हती. तिने पेला लावला. लवकर व्हावं म्हणून चिमूटभर मीठही टाकायला लागली. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. खोकला जागचा हलला नाही. पण समोरच्या शिंपीणकाकूंना ती ठणकावून सांगायची, "बघा, कसा सुटतोय!" आणि पुढचं वाक्य खोकल्यात बुडून जायचं.

आता खरी गंमत ऐका. चांदी उजेडात काळी पडते, हे अख्ख्या गल्लीत कुणाला ठाऊक असेल तर ते आत्याला. तिचं पोट त्याच्यावरच चाललं होतं. फोटोचा कागद म्हणजे तरी काय, चांदीचा लेप दिलेला कागद. त्याला उजेड लागू नये म्हणून ती तो तान्ह्या पोरासारखा काळ्या पाकिटात गुंडाळून ठेवायची. आणि स्वतः पेलाभर चांदी पोटात घेऊन भर उन्हात दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायची! जे कागदाला लागू ते आपल्याला कशाला लागू होईल?

आधी नखं राखाडी झाली. मग कान, मग गाल. पदराखालची कातडी होती तशीच राहिली, उन्हाला लागलेली निळी झाली. डॉक्टरीणबाई या वेळी मुळीच रागावल्या नाहीत, त्यामुळे आत्या घाबरली. "हे आता जात नाही," त्या म्हणाल्या. "चांदी कातडीत बसली आहे."

घरी येऊन तिने बरणी मोरीत उलटी केली आणि तारा सोनाराच्या अंगावर भिरकावून आली. रडली असेल तर डार्करूममध्ये. तिथे लाल दिव्याखाली सगळ्यांचा रंग एकच असतो.

तोवर स्टुडिओचा परवाना संपत आला. महिनाअखेर नवा मिळाला नाही तर दुकानाला सील. कचेरीतल्या साहेबांना गल्ली 'परत-आणा साहेब' म्हणायची. कुणाचा फोटो जास्त उजळ दिसला, कुणाची मिशी कोरलेली वाटली, की ते कागद सरकवत, "परत आणा." आणि ती माणसं रस्ता ओलांडून आत्याकडे येत. म्हणजे तिचं दुकान निम्मं तर साहेबांच्याच नाक मुरडण्यावर चाललेलं.

आत्या रंगाऱ्याला घेऊन कचेरीच्या खिडकीशी गेली. अर्जावर 'चेहऱ्याचा रंग' असा रकाना होता: गोरा, गव्हाळ, सावळा, काळा. आत्याने चारही खोडून लिहिलं होतं, निळा.

"बाई, हा काय प्रकार आहे?"

"माझं तोंड."

"ते दिसतंय. पण निळा यादीत नाही."

"मग यादी परत आणा."

मागची रांग खदखदून हसली. साहेबांनी चष्मा पुसला. "फोटो कॉम्प्युटरवर जरा गव्हाळ करून द्या. मी लगेच पास करतो."

"रंगवलेला फोटो दिसला की माणसाला माझ्याकडे पिटाळता ना? मग मी कुणाकडे जाऊ?"

साहेब तसे वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, काळा-पांढरा द्या. निळं दिसणार नाही, खोटंही होणार नाही."

"घे ना ताई," रंगारी कानाशी लागला. "दुकान वाचतंय."

आत्याच्या पिशवीत एक जुना काळा-पांढरा फोटो होताच, चांगला आलेला. तिचा हात पिशवीत गेलाही. एवढ्यात रांगेतून शिंपीणकाकू पुढे आल्या आणि कुजबुजल्या, "आत्या, विचारायचं राहिलंच. तुमच्या तारा सोनाराने मला दिल्या बरं का. गुडघ्यांसाठी पाणी सुरू केलंय. तुमचा हा रंग... जन्माचा काही दोष आता वर आलाय म्हणे?"

"कोण म्हणे?"

काकूंनी रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगारी छताचा रंग किती उडालाय ते पाहू लागला.

"लोक हसत होते, ताई," तो पुटपुटला. "म्हणून सांगितलं तसं."

आत्याचा हात पिशवीतून रिकामाच बाहेर आला. ती रांगेकडे वळली आणि कचेरीच्या मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "नीट ऐका! जन्माचा दोष नाही. चांदीच्या पाण्याने झालं. मी केलं, मी प्यायले, चांगलं आहे म्हणून गावभर सांगितलं, आणि मूर्ख ठरले. खोकला आहे तिथेच आहे. काकू, आत्ता घरी जा आणि बरणी ओतून टाका. आणि साहेब, फोटो हाच. रंगीत."

"मग परवाना नाही," साहेब म्हणाले.

"नको."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या काचेच्या खिडकीतून सजलेल्या नववधू उतरल्या आणि तिथे आत्या चढली. फोटो दाराएवढा, रंग एक छटाही कमी न केलेला. खाली ठसठशीत अक्षरांत: 'चांदीचं पाणी पिऊन. खोकला कायम.' म्हणतात की त्या खिडकीसमोरून जाताना सायकलवाले खांबावर आपटायचे. एकदा तर खांबच बाजूला सरकला म्हणे.

"गिऱ्हाईक पळेल, ताई!"

"पळताना तोंड दिसलं तर त्याचाही फोटो काढीन."

महिनाअखेरीला साहेब कुलूप, सीलची लाख आणि नोटीस घेऊन हजर झाले. मागे अर्धी गल्ली. आत्या पायरीवर उन्हात बसली होती. साहेब उभ्यानेच नोटीस भरू लागले: दुकान कुठलं, कशाचं, मालकीण कशी दिसते. लिहिता लिहिता पेन थांबलं.

"का थांबलात?" आत्याने विचारलं. "गव्हाळ लिहा की."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"लिहा, आणि मग एखादी गव्हाळ बाई शोधून तिच्या दुकानाला कुलूप लावा. इथे तशी कुणी राहत नाही. काळी-पांढरीही राहत नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. कचेरीच्या खिडकीच्या गजांमधून पाहायचे तसं नाही, नीट पाहिलं. मग नोटिशीवर लिहिलं, निळा. खाली सही केली. सही वाळेपर्यंत त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

"आता कचेरीलाच मी निळी दिसते," आत्या म्हणाली. "मग फोटो चुकला कुठे?"

पायरीवर बसून साहेबांनी बॅगेतून तिचा अर्ज काढला, त्यावर शिक्का मारला आणि नोटीस फाडून खिशात घातली. गल्लीने टाळ्या पिटल्या. रंगाऱ्याने सगळ्यात जोरात. पण साहेब उठेनात.

"आणखी काय राहिलं?"

"त्या खिडकीतल्या फोटोची प्रत मिळेल का?" साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या घरीही बरणी आहे. बायकोची. मी सांगून ऐकत नाही. म्हणते, तुम्हाला सगळंच परत आणायला हवं असतं."

आत्या खुर्चीतून उठली. तिने पायांत चपला सरकवल्या आणि डोक्यावर घेतलेला पदर खाली खांद्यावर ओढला, म्हणजे ऊन सरळ तोंडावर पडेल.

"प्रत कशाला? मी आहे ना," ती म्हणाली. "दुकान बघ रे, रंगाऱ्या. चला साहेब. आणि मधल्या गल्लीने नाही, मोठ्या रस्त्याने."