सोदामच्या नावानं

मी कॅमेरा आहे. फिल्मवर फोटो काढणारा, जुन्या चालीचा, हातात घेतला तर अर्ध्या विटेएवढा जड. कोरियातल्या मोक्फो बंदरात, एका चढाच्या गल्लीत, बायकांचे केस कापायचं नि कुरळे करायचं छोटंसं दुकान आहे. तिथल्या फळीवर, रेडिओच्या शेजारी मी बसलेला असतो. गिऱ्हाईक बायका मला आरशातून बघतात. कुणी नवखी विचारते, "चालतो का हो हा?"

"चालत असेल," दुकानाची मालकीण म्हणते. "माझा नाही तो. मुलीच्या मित्राचा आहे. न्यायला येणार आहे तो."

जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी त्या नवखीला हळूच कोपरानं ढोसतं. मग पुढचा प्रश्न येत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला डोळ्याला लावून पाहिलं आणि मान हलवली, एवढंच माझं बालपण. एका नवऱ्या मुलानं मला लग्नानंतरच्या जेजू बेटावरच्या सहलीसाठी घेतलं. चार दिवस मी नुसता समुद्र आणि लाजणारी बायको पाहिली. घरी परतल्यावर त्यानं मला कपाटात ठेवलं, ते ठेवलंच. माणसांचं असंच असतं. आनंद झाला की आम्हाला बाहेर काढतात, संसार सुरू झाला की विसरतात. किती तरी वर्षं मी स्वेटरांखाली डांबरगोळ्यांच्या वासात पडून होतो.

मग त्या गृहस्थाचा भाचा ग्वांगजूच्या विद्यापीठात दाखल झाला. मामानं मला पुसलं आणि भाच्याच्या गळ्यात अडकवलं. "अभ्यास कर. नाहीच झाला, तर निदान फोटो तरी काढ."

भाच्याचं नाव ग्यूहो. उंच, थोडा वाकून चालणारा, बोलण्यापेक्षा मान हलवण्यात पटाईत. अनोळखी माणसाचा फोटो काढण्याआधी तो क्षमा मागायचा आणि काढल्यावर परत मागायचा. माझ्या मागच्या काचेला डोळा लावला की आपण कुणाला दिसत नाही, अशी त्याची समजूत होती.

विद्यापीठात फोटो काढणाऱ्या मुलांचं एक मंडळ होतं. त्यांची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, बाजूला फोटो धुवायची अंधारखोली. रसायनांचा आंबूस वास आणि कुणीतरी झाकण उघडं ठेवलेल्या किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचा वास, दोन्ही एक होऊन जायचे. मुलं एकाच पातेल्यातून शेवया ओढायची आणि झाकणाची ताटली कुणाला मिळणार यावर भांडायची. परीक्षा आली की सगळ्यांना अचानक एकमेकांच्या वह्या आठवायच्या.

त्या खोलीत एक दिवस सोदाम आली. ठेंगणी, गालावर खळी, पाठीवर भली मोठी पिशवी.

"मला फोटो काढता येत नाहीत," ती दारातूनच म्हणाली. "पण फोटोत माणूस बरा दिसेल असं करता येतं. माझ्या आईचं केसांचं दुकान आहे. चालेल का?"

ग्यूहोनं मान हलवली.

"हा मुका आहे का?" सोदामनं इतरांना विचारलं.

"न... नाही," ग्यूहो म्हणाला.

"मग ठीक आहे," म्हणत तिनं पिशवी खाली ठेवली आणि पातेल्याचं झाकण पटकावलं.

त्यानंतर माझ्यात घातलेल्या प्रत्येक रोलमध्ये ती होती. एकदा सुट्टीत सगळे रात्रभर गाडीत बसून पूर्व किनाऱ्यावर सूर्योदय पाहायला गेले. पहाटे वाळूवर कुडकुडत बसले आणि नेमकी सोदाम ग्यूहोच्या पिशवीवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून झोपली. फोटो धुऊन आले तेव्हा ती चाळून म्हणाली, "सूर्य कुठाय?"

"ढगात होता."

"खोटारडा. बाकीच्यांच्या फोटोत लख्ख दिसतोय."

त्याचे कान लाल झाले. तिनं स्वतःचा तो तोंड उघडा असलेला फोटो मात्र खुशाल वहीत ठेवून दिला.

मंडळाचं खरं काम सुट्टीत असायचं. मुलं बोटीनं लांबच्या बेटांवर जायची आणि तिथल्या म्हाताऱ्यांचे 'दीर्घायुष्याचे फोटो' काढायची. माणूस गेल्यावर फुलांच्या मधोमध ठेवतात तो हा फोटो. पण तसं कुणी म्हणत नाही. हा फोटो आधीच काढून ठेवला की आयुष्य वाढतं, असं सगळे म्हणतात आणि हसत हसत बसतात.

रेशमी पोशाखाचं वरचं जाकीट सगळ्यांत मिळून एकच असायचं. बारकीला ते मागून चिमट्यांनी आवळायचं, जाडीला मागून उघडंच ठेवायचं. वर रेशीम आणि खाली शेतातली फुलाफुलांची ढगळ विजार. माझ्यात फक्त छातीपर्यंतचं दिसायचं, त्यामुळे फोटोत प्रत्येक जण राणी.

तिथल्या बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात. त्यांच्यात बल्ग्योवाली आजी सगळ्यात तिखट. सोदाम तिच्या गालाला पावडर लावत होती.

"अगं ए, किती थापतीस? भित हाय का मी?"

"आजी, जरा हसा की."

"आन् काय दावू? दोनच दात ऱ्हायलेत, ते बी एकामेकाशी बोलत न्हाईत."

अंगणातल्या सगळ्या जणी फसकन हसल्या. सोदामही कंगवा तोंडात धरून हसत सुटली. आजीनं तिच्या खांद्यावर हात टाकला आणि माझ्याकडं, म्हणजे ग्यूहोकडं, बोट केलं. "ह्यो बघ. यंत्राच्या मागं लपून माझ्याकडं बघतोय असं दावतोय. डोळा सगळा तुझ्याकडं. व्हय रं पोरा? कवा इचारणार हाईस तिला?"

माझी कळ दाबली गेली, ती ठरवून की दचकून, मला सांगता येणार नाही.

ती शेवटची उन्हाळी सुट्टी होती. फोटो मोठे करून, चौकटीत बसवून हिवाळ्यात द्यायला येऊ, असं दोघांनी बोटीवरून ओरडून सांगितलं. परतीच्या बोटीत सोदाम ग्यूहोला म्हणाली, "आजी काहीतरी विचारायला सांगत होत्या तुला."

"हो," ग्यूहो म्हणाला. "हिवाळ्यात विचारीन."

"मी उत्तर तयार ठेवते," ती म्हणाली आणि समुद्राकडं तोंड फिरवून हसली.

हिवाळा लागला, आणि एका सकाळी विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या उतारावर दव गोठलं. माल पोचवणारी एक गाडी घसरली. सोदाम पलीकडं बसच्या थांब्यावर उभी होती. थंडीनं दोन्ही हात खिशात घातलेले. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सोदामला वडील नव्हते, एकटी आई होती. ती मोक्फोहून आली ती दुकानातला झगा अंगात असतानाच. इस्पितळाच्या ओसरीत तिनं ग्यूहोला गाठलं. "तू ग्यूहो ना? ती तुझं फार सांगायची. बाळा, चौकटीत ठेवायला फोटो मागतायत. माझ्याकडं तिचा शाळेतला आहे, त्यात ती लहान दिसते. तुझ्याकडं असेल ना रे एखादा?"

त्याच्याकडं डबे भरून होते.

त्या दुपारी तो अंधारखोलीत गेला. मी खुंटीवर लटकत होतो. तांबड्या दिव्याखाली तो एकेक फिल्म उजेडाला धरून बघत होता. इथं ती दुसऱ्याचे केस विंचरतेय, इथं पाठमोरी, इथं झोपलेली. समोर बघणारी ती एकाच ठिकाणी होती. बेटावर, कंगवा दातात, शेजारी आजी. त्यानं आजीला बाजूला ठेवून फक्त सोदामचा चेहरा मोठा केला. कोरा कागद रसायनात सोडला. आधी डोळे उमटले, मग खळी, मग कंगवा. इतकी वर्षं तो म्हाताऱ्यांचे चेहरे याच तसराळ्यात उमटताना बघत आला होता आणि बघता बघता शीळ घालायचा. आज तो तसराळ्याच्या काठाला धरून उभा राहिला. फोटो जास्त वेळ राहून काळा पडला. दुसरा केला. तोही काळा पडला. तिसऱ्या वेळी मंडळातल्या एका मुलानं त्याचा हात धरून कागद बाहेर काढला.

फोटोच्या कडेला, सोदामच्या खांद्यावर, आजीचा सुरकुतलेला हात राहिला होता. ग्यूहो आईला म्हणाला, "हा झाकता येईल. आणि तो कंगवा... दातही दिसतायत. असला फोटो इथं ठेवत नाहीत."

आईनं फोटो हातात घेतला. "दात न दाखवता ती हसली कधी? आणि हात राहू दे. कुणाचा तरी असू दे तिच्या खांद्यावर."

थंडी संपायच्या आत ग्यूहो एकटाच बेटावर गेला. मी गळ्यात होतो, रिकामा. बोटीच्या धक्क्यावर सगळ्या आज्या जमल्या होत्या. त्यांनी चौकटी उराशी धरल्या, एकमेकींच्या बघितल्या, "हिला बघा, नवरी झालीया!" म्हणून थट्टा केली. मग एकीनं विचारलं, "आन् पावडरवाली पोर कुठं?"

ग्यूहोनं तोंड उघडलं. मला त्याच्या छातीतली धडधड माझ्या पाठीवर लागत होती. त्या सगळ्या जणी आपापल्या शेवटच्या फोटोला मिठीत घेऊन हसत उभ्या होत्या.

"तिला... सोल शहरात नोकरी लागली," तो म्हणाला. "सुट्टी मिळाली नाही."

"बघा! म्या म्हनलं न्हवतं? गुणाचीच हाय!" आणि धावपळ उडाली. कुणी तिळाचं तेल आणलं, कुणी सुकी मासळी, कुणी लसणाची माळ. सोलला काय मिळतंय खायला, पोर वाळून जाईल! गाठोडं बांधून त्यांनी ते त्याच्या हातात दिलं. बल्ग्योवाली आजी तेवढी काही बोलली नाही. तिनं आपल्या दारचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणून गाठोड्यात वरून खुपसलं आणि घराकडं वळली.

परतीच्या बोटीत तो ते गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. टाकून देता येईना, स्वतः खाता येईना. मोक्फोच्या धक्क्यावर उतरून तो सरळ या दुकानात आला. आमच्याकडं मैत्रिणीच्या आईलाही आईच म्हणतात.

"आई," तो म्हणाला, "हे बेटावरच्या आज्यांनी सोदामसाठी पाठवलंय. मी... मला सांगता आलं नाही त्यांना."

मला वाटलं, ती चिडेल. तिनं गाठोडं सोडलं, लसणाचा वास घेतला, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. इस्पितळात रडली नव्हती ती एवढी. मग डोळे पुसून तिनं भात लावला, आजीचं शेवाळ भाजलं आणि दोघांनी जेवण केलं. निघताना तो मला फळीवर विसरला. खरोखरच विसरला की नाही, देव जाणे.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा बेटावर निघाला, तेव्हा वाटेत दुकानात आला. आईनं त्याच्या हातात कागदी पिशवी ठेवली. आत लोकरीचे मोजे होते, जाड, हातानं विणलेले, प्रत्येक आजीला एक जोड.

"सोलहून सोदामनं पाठवलेत म्हणून सांग," ती म्हणाली. "कुणाच्या घरचं रिकाम्या हातानं खाऊ नये."

असं ते सुरू झालं. लष्करातल्या सक्तीच्या नोकरीची वर्षं तेवढी चुकली. ग्यूहो शिकून बाहेर पडला, एका कचेरीत लागला, डोळ्यांवर चष्मा आला, पण हिवाळ्यात इकडून मोजे जातात आणि तिकडून गाठोडं येतं. गाठोडं मात्र दर खेपेला थोडं हलकं असतं. आज्या एकेक करून फुलांच्या मधोमध जाऊन बसल्या. लग्नाचं काय, मुलं किती, असं त्या सोदामबद्दल विचारत राहिल्या आणि ग्यूहो काहीबाही सांगत राहिला. त्यांच्या हिशेबानं तिला आता मुलगी आहे, आईसारखीच बडबडी.

गल्लीतले लोक अजूनही या बाईला 'सोदामची आई' म्हणतात. आधी आधी हाक मारून जीभ चावायचे. एकदा तिनंच सांगितलं, "म्हणा हो. दुसरं नाव मला लागत नाही."

परवा ग्यूहो येऊन गेला. बेटावर आता बल्ग्योवाली आजी एकटीच उरली आहे, ऐकू कमी येतं, चालवत नाही. गाठोडं म्हणजे रुमालात बांधलेली शेवाळाची एक चवड. आई एका गिऱ्हाइकाच्या केसांना गुंडाळ्या लावत होती.

"आजी कशा आहेत?" तिनं विचारलं.

"बऱ्या आहेत. त्यांनी निरोप दिलाय." ग्यूहोनं चष्मा काढून हातात घेतला. "आज सोदामचं काहीच विचारलं नाही त्यांनी. मी मोजे चढवून दिले पायात. तर माझा हात धरून म्हणाल्या, 'तिच्या आईला सांग, मोजे लई उबदार असत्यात. पयल्या सालापासनं सांगायचं ऱ्हाऊन गेलं.'"

आईच्या हातातली गुंडाळी खाली पडली आणि घरंगळत खुर्चीखाली गेली. ती उचलायला आई वाकली, आणि वाकलेलीच राहिली. गिऱ्हाईक बाई अर्ध्या डोक्याला गुंडाळ्या असताना उठली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत बसली.

गुंडाळी पुसत आई ग्यूहोला म्हणाली, "जेवून जा."

जेवण झालं. तो दारात बूट घालत होता. आईनं नेहमीप्रमाणे हाक मारली, "अरे, कॅमेरा राहिला की!"

"पुढच्या वेळी नेतो, आई."

इतकी वर्षं मी हे ऐकतो आहे. माझ्या भिंगावर बुरशी चढलीय, कळ आखडलीय, माझ्या पोटात रोल नाही आणि आता कुणी घालणारही नाही. कपाटातल्या दिवसांत मला वाटायचं, कुणीतरी आपल्याला बाहेर काढावं, कुठंतरी न्यावं. आता ते मागणं नाही. ग्यूहो, बाळा, बेटावरची ती एक चूल विझली की तुला इकडं यायला दुसरं निमित्त उरणार नाही. तेवढ्यासाठी मला इथंच विसरत जा.