हात लावू नये

मी एक जुना मॉनिटर आहे आणि मला काहीही झालेलं नाही. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण माझ्या पाठीवर 'निकामी' असा कागद चिकटवलेला आहे, आणि लोक आधी कागद वाचतात, मग वस्तूकडे बघतात. बघितलंच तर. ज्या अडगळीच्या खोलीत मी पडून आहे, तिथे माझ्या डाव्या अंगाला तीन पायांची खुर्ची आहे. ती खरोखरच मोडलेली आहे. मी नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका मुलीने पातळ हातमोजे घालून मला वीज जोडली. तिने मला आधी पूर्ण लाल करून पाहिलं, मग हिरवं, निळं, पांढरं आणि शेवटी काळं. प्रत्येक रंगाला ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवायची. एक ठिपका जरी आंधळा असता, तरी तिने मला बाजूला काढलं असतं. मग तिने माझ्या पाठीवर 'पास' अशी चिठ्ठी लावली. पुढे नऊ वर्षं मी माणसांत काढली, पण तितकं लक्ष देऊन माझ्याकडे दोनच बायकांनी पाहिलं. पहिली ही.

मला एका नोंदणी कार्यालयात आणलं. जन्म आणि मृत्यूचे दाखले तिथे मिळतात. पहिला महिनाभर माझ्या अंगावरचा प्लॅस्टिकचा कागद कोणी काढला नाही, इतकं माझं कौतुक. साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर आणून उभे करायचे आणि माझ्या तोंडावर बोट टेकवून सांगायचे, की आता सगळं यावर होतं. सगळं करायच्या मात्र ताई.

ताई म्हणजे दुसरी बाई. ऑफिसात त्या कंत्राटावर होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांचा कागद साहेबांच्या टेबलावर जायचा, आणि तो सहीनिशी परत येईपर्यंत ताई डबासुद्धा अर्धाच खायच्या. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि कमावणाऱ्या ह्या एकट्याच. रोज सकाळी आल्या आल्या त्या माझं तोंड ओल्या फडक्याने पुसत. मग जन्माच्या नोंदी आधी भरत आणि मृत्यूच्या नंतर. शिपाईकाकांनी एकदा विचारलं होतं, असं का? त्या म्हणाल्या, "काका, दिवसाची सुरुवात रडून कशाला करायची?" काका म्हणाले, बाळं काय हसत येतात होय? त्यावर दोघंही हसले होते. त्या खोलीत हसण्याचे आवाज मोजकेच, म्हणून मला आठवतं.

आता वायरीबद्दल सांगतो. माझ्या संगणकाच्या डब्यामागे दोन वायरी होत्या. एक माझ्याकडे येणारी. दुसरी भिंतीतल्या भोकातून शेजारच्या मीटिंगच्या खोलीत, तिथल्या प्रोजेक्टरकडे जाणारी. एकदा झाडताना काकांच्या हातून ती दुसरी वायर निसटली आणि साहेब पाच पाहुण्यांपुढे कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहिली, 'हात लावू नये', खाली सही केली आणि वायरीला गुंडाळून वरून चिकटपट्टी मारली. त्या दिवसापासून टेबलाखाली झाडूसुद्धा त्या वायरीला वळसा घालून जायचा.

एका शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग होती. ताई घरी गेल्या होत्या. साहेबांनी दोन बटणं दाबून चित्र माझ्यावरून काढलं आणि फक्त प्रोजेक्टरवर नेलं. मीटिंग संपल्यावर त्यांनी प्रोजेक्टर रिमोटने बंद केला, संगणक बंद केला आणि निघून गेले. चित्र माझ्याकडे परत आणायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि हा प्रोजेक्टर असा, की बंद असला तरी वायरीतून 'मी हजर आहे' असं संगणकाला सांगत राहतो. हजेरी लावून डुलक्या काढणारे त्या ऑफिसात इतरही होते, पण त्यांच्यामुळे निदान अंधार होत नव्हता.

सोमवारी ताईंनी बटण दाबलं. मी उजळलो, कंपनीचं चिन्ह दाखवलं, खाली ठिपक्यांचं कडं फिरलं आणि मग माझ्याकडे येणारं चित्रच थांबलं. मी काळा. संगणक आत व्यवस्थित सुरू झालेला, सुरू झाल्याचा आवाजही आला. चित्र मात्र शेजारच्या खोलीत, झोपलेल्या प्रोजेक्टरच्या दाराशी जाऊन उभं होतं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मॉनिटरला तोंड असतं ते फक्त दुसऱ्याचं दाखवायला.

ताईंनी तीन वेळा बंद-चालू करून पाहिलं. तिन्ही वेळा चिन्ह आलं आणि तिन्ही वेळा मी विझलो. चौथ्यांदा त्यांनी बटण दाबलं नाही. हाताची घडी घालून माझ्याकडे पाहत बसल्या. मग साहेबांकडे जाऊन म्हणाल्या, "चिन्ह दिसतंय, साहेब. म्हणजे पडदा जिवंत आहे. शुक्रवारी मीटिंगला ती भिंतीतली वायर..."

"त्या वायरीला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही शेवटी काय केलंत, ते आधी वहीत लिहा."

तक्रारवहीत एक रकाना होता, 'शेवटी कोणी वापरले'. साहेब स्वतः वापरत तेव्हा वहीत काही लिहीत नसत. साहेबांनी वही लिहायची म्हणजे काय? त्यामुळे वहीप्रमाणे शेवटची सही ताईंचीच होती.

मंगळवारी दुरुस्तीवाला आला. त्याला सगळे खोडरबर म्हणत, कारण कुठलाही संगणक आणला की तो डबा उघडून आतली एक पट्टी काढायचा, तिची टोकं खोडरबराने घासायचा आणि परत बसवायचा. आमचीही घासली. मग माझी वायर बदलली, मला दोन चापट्या मारल्या. दुसऱ्या वायरीची चिठ्ठी त्याने वाकून वाचली, सही बघितली आणि हात मागे घेतला. कशाला नसती आफत, असं पुटपुटलाही. मला दुसऱ्या संगणकाला जोडून पाहायला दोन मिनिटं लागली असती. तो संगणक चार पावलांवर होता; दाखले त्यावर निघत नसत, पण मला तपासायला तो पुरला असता. त्याने त्याऐवजी तीन प्रतींत अहवाल लिहिला, की मॉनिटर निकामी, आणि माझ्या पाठीवर कागद चिकटवला. 'पास'च्या चिठ्ठीवरच.

बुधवारी नवा मॉनिटर आला. मला कपाटाशेजारी जमिनीवर ठेवलं. नव्याने चिन्ह दाखवलं आणि तोही विझला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, आता तरी कोणी डोकं चालवेल. खोडरबर म्हणाला, मग आतली मोठी पाटी गेली असणार, डबा घेऊन जावा लागेल, आठवडा लागेल.

तेवढ्यात खिडकीशी एक आजोबा आले. ते सोमवारपासून रोज येत होते. नातीला शाळेत घालायचं होतं आणि जन्माचा दाखला द्यायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. पोरीचे आईबाप दोघंही कामासाठी परगावी, तिचं सगळं ह्या म्हाताऱ्याकडे. ते भांडले नाहीत. नुसते म्हणाले, "वर्षभर घरी बसेल पोर. मला तर आणखी वर्ष आहे की नाही तेही ठाऊक नाही."

ताईंनी साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग ओढणी खोचली आणि गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरल्या. शिपाईकाका हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, नका. सही आहे त्यांची." ताई म्हणाल्या, "असू दे." आणि चिठ्ठीसकट ती वायर उपसून काढली.

चित्र आलं. त्याच क्षणी, नव्या मॉनिटरवर, लख्ख. बिघाड एवढाच होता, मित्रांनो. ज्याच्यासाठी तीन दिवस खिडकीतून माणसं परत गेली, तो बिघाड म्हणजे एक खोचलेली वायर.

आजोबांना दाखला मिळाला. तो घडी न करता, दोन्ही हातांत ओला कपडा धरावा तसा धरून ते निघून गेले. काका टाळी वाजवणार होते, पण दार उघडलं.

साहेब चालू पडद्याकडे पाहत राहिले, मग ताईंच्या हातातल्या चिठ्ठीकडे. मला वाटलं, आता हा माणूस ओशाळेल. तो म्हणाला, "म्हणजे कुठे बिघडवलंय हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

ताई म्हणाल्या, "मी सोमवारीच सांगत होते."

"तेच म्हणतोय मी. सोमवारपासून माहीत होतं. आणि लेखी मनाई असताना हात लावलात."

खोडरबर खाली मान घालून आपले पेचकस मोजत होता. तीनच होते, पण बराच वेळ मोजत होता.

त्या ऑफिसात टाइप करणाऱ्या ताई एकट्याच. त्यामुळे संध्याकाळी साहेबांनी ते पत्र त्यांनाच सांगितलं आणि त्यांनीच ते टाइप केलं. मनाई असूनही कार्यालयाच्या उपकरणात ढवळाढवळ केल्याने कंत्राट पुढे वाढवण्यात येत नाही, असं पत्र. मी जमिनीवरून पाहत होतो. एकही अक्षर चुकलं नाही. शेवटी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "साहेब, दोन प्रती काढू की तीन?"

"तीन," साहेब म्हणाले.

मला परत टेबलावर ठेवावं, असं काका बोलून बघत होते. साहेब म्हणाले, निकामी लिहून वर पाठवलंय, आता तो चालू कसा असेल?

महिनाअखेरीस ताई या अडगळीच्या खोलीत आल्या. संपलेली तक्रारवही ठेवायची होती. त्यांनी माझं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, नेहमीसारखं, वरून खाली. मग वही माझ्या डोक्यावर ठेवून उभ्यानेच शेवटच्या पानावर लिहिलं: 'बिघाड: काही नाही. शेवटी कोणी वापरले: साहेब, शुक्रवार संध्याकाळ, प्रोजेक्टर. उपाय: वायर काढली. लागलेला वेळ: अर्धे मिनिट.' खाली सही केली, शाई सुकेपर्यंत थांबल्या आणि वही गठ्ठ्यात सरकवून गेल्या. जाताना रडल्या नाहीत. आईचं औषध आणायचं आहे, असं दारात काकांना म्हणाल्या.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. फडक्याने पुसणारे पुसतातच, बाकीच्यांना सांगून उपयोग नसतो. दुसरंच सांगतो. समोरचा काळा पडला म्हणून त्याच्या पाठीवर कागद चिकटवू नका. तो किती वेळ उजळला होता ते पाहा आणि त्याच्या वाटणीचं चित्र कोणी कुठे वळवलंय ते शोधा. आणि एखाद्या वायरीवर मोठ्या माणसाच्या सहीने 'हात लावू नये' असं लिहिलेलं असेल, तर बिघाड आधी तिथेच शोधा. त्याची किंमत तुमच्याकडून घेतली जाईल. ताईंकडून घेतली.

ती वही अजून इथेच आहे, माझ्या उजव्या अंगाला. अजून कोणी उघडलेली नाही.