वाघदेवासमोर स्टेअरिंग

आमच्या झरी गावात ज्यांची ज्यांची जमीन रस्त्याच्या कामात गेली, त्या सगळ्यांनी मोबदल्याच्या पैशांतून पहिल्यांदा बोलेरो घेतली. नविनकाकानं पांढरी घेतली. शेजारच्या पाड्यात तर एका ओळीत तीन उभ्या असतात, आणि तिन्ही पांढऱ्याच. माझ्या पप्पांनी लाँच घेतली.

मासेमारीची नाही. केबिन असलेली, झोपायला चार फळ्या, बसायला गाद्या, स्वयंपाकाला छोटासा ओटा, आणि पुढे काचेमागे स्टेअरिंग. अडतीस फूट. आधी डहाणूच्या खाडीत आमची फायबरची होडी होती, तिच्यात तिसरा माणूस बसला की पहिला उठायचा. ती विकून पप्पांनी ही घेतली, ती फक्त घरच्यांनी फिरायला. गावात हसण्याला नुसता ऊत आला होता. समुद्र आमच्यापासून एसटीनं दीड-दोन तास लांब. आमच्याकडे भात, नागली आणि डोंगर.

"दादा, हिला पार्किंग कुठे करणार? शेतात?" नविनकाकानं विचारलं होतं.

"तुझ्या डोक्यावर," पप्पा म्हणाले होते.

मला मात्र पप्पांचं गणित कळत होतं. पप्पा, म्हणजे देवजी, वीस वर्षं गुजरातला मासेमारीच्या बोटीवर. आधी खलाशी, मग इंजिनवर. पावसाळा संपला की जायचे ते पुढचा पाऊस तोंडावर आला की यायचे. आई तेवढे महिने एकटी. ती समुद्राचं नावही काढत नाही. डहाणूच्या बाजाराला जाते, पण चौपाटीकडे मान वळवत नाही. मी सातवीत असताना पप्पा मला म्हणाले होते, "तुझ्या आईला एकदा दाखवायचंय, मी असतो कुठे ते." आता मी अकरावीत आहे. तेवढंच करायला ही अडतीस फुटी लाँच आली, हे मला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

आणि आई म्हणाली, मी बसणार नाही.

तसं सरळ म्हणाली नाही. शुक्रवारी भाकरी थापता थापता पप्पांना म्हणाली, "आपल्यात नवी गाडी आधी वाघदेवासमोर उभी राहते. मग बायापोरं बसतात. तुझी लाँच राहू दे उभी, मग बसते."

वाघदेव आमच्या गावाच्या शिवेवर आहे. काकाची बोलेरो तिथे उभी राहिली होती, ट्रॅक्टर राहिला होता, माझ्या मैत्रिणीच्या, शितलच्या भावाची मोटारसायकल तर दोनदा राहिली, कारण पहिल्या वेळी नारळ नासका निघाला. कोणी हे मोडत नाही. काका इतका हसला की त्याला ठसका लागला. "वयनीनं बरोबर पकडलं. दादा, आण आता लाँच डोंगरावर."

पप्पा हसले नाहीत. ते उठले आणि हात धुऊन बाहेर गेले. मी त्यांची पाठ बघितली आणि मला घरात बसवेना.

शनिवारी लाँच ताब्यात मिळणार होती. मी पप्पांबरोबर डहाणूला गेले, हट्टानं. उंबरगावचे अमृतभाई, जुने मालक, स्वतः संध्याकाळच्या भरतीला लाँच घेऊन खाडीत आले. त्यांची मुलं परदेशात, गुडघे दुखतात, कोण फिरणार. त्यांनी कागद दिले, चाव्या दिल्या, इंजिन चालू-बंद करून दाखवलं, जणू पप्पांना येतच नाही. मग एकदा गादीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "देवजी, सांभाळजे." अमृतभाई गेल्यावर पप्पा अर्धा तास एका जागी उभे होते, कशालाही हात न लावता. मी मात्र सगळ्याला हात लावला. प्रत्येक खण उघडला. गादीखाली एक कंगवा आणि पत्त्यांतली चौकटची राणी सापडली.

पप्पांनी मला स्टेअरिंग खोलायला शिकवलं ते त्याच संध्याकाळी. मधलं झाकण काढायचं, आतला नट पान्यानं सैल करायचा, मग दोन्ही हातांनी हलवत हलवत ओढायचं. "आत गंज आहे का बघू," असं म्हणून त्यांनी काढलं, ग्रीस लावलं, परत बसवलं. चार मिनिटं. मी मोजली.

रात्री आम्ही लाँचवरच राहिलो, पण मला त्या चार मिनिटांनी झोपू दिलं नाही.

रविवारी सकाळी सहाला पाणी चढलं. पप्पांनी लाँच दोरीनं ओढून धक्क्याच्या पायऱ्यांना लावली आणि डिझेलचे कॅन घेऊन रिक्षानं पंपावर गेले. बेत असा होता: काका नऊपर्यंत आईला बोलेरोतून आणणार, ती काठावरून बघणार, आम्ही बोर्डीपर्यंत चक्कर मारणार. भरती सव्वाआठची. दहानंतर खाडीत पाणी राहत नाही, लाँच चिखलात बसते. म्हणजे दहाच्या आत निघायचं.

पप्पांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही. वहीचं पान फाडून लिहिलं, "स्टेअरिंग माझ्याकडे आहे. आईला घेऊन दहाच्या आत येते. प्रगती." पान इंजिनच्या चावीला अडकवलं, स्टेअरिंग काढलं, पप्पांच्या टॉवेलात गुंडाळलं आणि तलासरीची एसटी पकडली.

कंडक्टरनं टॉवेलकडे बघितलं. "हे काय?"

"स्टेअरिंग."

"कशाचं?"

"लाँचचं."

"मग लाँच कुठाय?"

"डहाणूला."

"म्हणजे बिनस्टेअरिंगची." त्यानं तिकीट फाडलं. "लगेज लावत नाही जा. पण आमच्या ड्रायव्हरला दाखवू नको, त्याचं लय दिवस झाले ढिलं आहे."

गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यासारखा पुढे जात होता. तलासरीला उतरले तेव्हा साडेसात. तिथून रिक्षा. झरीच्या शिवेवर आठ वाजता उतरले आणि तिथूनच काकाला फोन केला, की आईला घेऊन इकडे ये, आणि बाळ्याआजालाही घे.

बाळ्याआजा आमच्याकडे वाघदेवाचं सगळं करतो. तो बोलेरोतून उतरला, इकडे तिकडे बघितलं. "गाडी कुठाय?"

मी टॉवेल सोडला.

काका हसायला लागला. आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, परीक्षेत शंभरपैकी किती मिळाले हे मी सांगण्याची वाट बघते तशी.

"आजा, लाँच इथे येणार नाही," मी म्हणाले. मोठ्या माणसांसमोर बोलताना पूर्वी माझा आवाज फाटायचा, आता फाटत नाही. "पण जी वस्तू तिला वळवते ती आणली आहे. देवाला पटेल का ते तुम्ही सांगा. नाही म्हणालात तर परत नेते."

आजा खाली बसला. स्टेअरिंग हातात घेऊन त्यानं दोन्ही बाजूंनी वळवून बघितलं. वेळ जात होता. साडेआठ. मला त्याच्या हातातून ते ओढून घ्यावंसं वाटत होतं.

"माझ्या बापाच्या वेळेला," तो शेवटी म्हणाला, "गंजाडहून नवी बैलगाडी आणताना ओढ्यात आस मोडला. गाडी तिथंच. बापानं नुसतं जू खांद्यावर आणलं आणि इथं ठेवलं. देवानं काही म्हटलं नाही." त्यानं स्टेअरिंग दगडी वाघासमोर ठेवलं. "ठेव नारळ."

नारळ काकाच्या गाडीत असतोच. फोडला, पांढरा शुभ्र निघाला. आजानं स्टेअरिंगला शेंदूर लावला.

आजा आईकडे वळला. "कमळे, झालं."

आईनं पदर खोचला, स्टेअरिंग उचललं, बोलेरोत मागे बसली आणि ते मांडीवर घेतलं. पण लाँचमध्ये बसते, असं काही ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणेल, अशी मला भीती होती.

निघालो तेव्हा पावणेनऊ. पावणेदहाला पोचलो असतो. पण हायवेवर चढलो आणि पुढे ट्रकच ट्रक. कुठेतरी एक कंटेनर आडवा झाला होता. बोलेरो दहा पावलं जायची आणि थांबायची. नऊ वीस. नऊ चाळीस. मी काच खाली केली, वर केली, परत खाली केली.

"तोडशील ती," काका म्हणाला.

पप्पांचा फोन आला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "चिठ्ठी मिळाली. पोरी, पाणी वळलंय."

"पप्पा, ट्रॅफिक आहे."

"असू दे. पाण्याला ते माहीत नाही." मग हळूच, "आई आहे का गाडीत?"

"आहे."

"येतेय?"

मी आईकडे बघितलं. ती खिडकीतून ट्रक बघत होती. दोन्ही हात स्टेअरिंगवर, जसं काही तीच गाडी चालवते आहे. "येतेय," मी म्हणाले, आणि फोन ठेवला. खोटं होतं की खरं, मलाच माहीत नव्हतं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. खाडीत पाण्याची एक बारीक रेघ उरली होती आणि बाकी सगळा काळा चिखल. पायऱ्यांना बांधलेली राहिली असती तर लाँच दगडांवर लटकली असती, म्हणून पप्पांनी पाणी असतानाच ती बांबूनं ढकलून मधे नेली होती. आता ती चाळीस पावलांवर, चिखलात जराशी कलून बसली होती. पप्पा तिच्या टोकावर पाय सोडून बसले होते. त्यांनी हात केला. नुसता वर नेला आणि खाली आणला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी हुशारी केली आणि पहिला दिवस मीच घालवला. उद्यापासून काका गावभर सांगणार, देवजीची लाँच चिखलात फिरते.

आई काठावर उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "एवढी मोठी आहे होय."

तिनं चपला काढल्या. साडी गुडघ्याच्या वर घेऊन घट्ट खोचली, भाताच्या लावणीला खोचते तशी. स्टेअरिंग डोक्यावर ठेवलं आणि चिखलात उतरली.

"वयनी, थांब, रुतशील," म्हणत काका बुटांसकट मागे उतरला आणि तिसऱ्या पावलाला पोटरीपर्यंत जाऊन अडकला. आई मागे वळलीसुद्धा नाही. तिनं आयुष्यभर चिखल तुडवलाय. आधी पायाची बोटं, मग टाच, पाय तिरका बाहेर काढायचा, घाई करायची नाही. एक हात डोक्यावर, एक कमरेवर. मी तिच्याच पावलांत पाय टाकत मागून गेले आणि तरी दोनदा पडले.

पप्पा उभे राहिले होते. तिनं वर बघितलं आणि स्टेअरिंग त्यांच्या हातात दिलं. "घे. वाघदेवाला दाखवलंय." मग त्यांनी पुढे केलेला हात न धरता, कठडा धरून ती वर चढली.

पप्पा बादली शोधायला लागले, तिचे पाय धुवायला.

मी स्टेअरिंग बसवलं. चार मिनिटं लागत होती, मला दहा लागली, कारण हात चिखलानं निसरडे झाले होते. पप्पांनी नट तपासला आणि एक आटा आणखी आवळला. रागावले नाहीत. "पुढच्या वेळी मला विचार," एवढंच म्हणाले. "मी नाही म्हणालो असतो, तरी विचार."

आई केबिनमध्ये गेली. ओट्यावर बोट फिरवलं, खण उघडले, झोपायच्या फळीवर हात ठेवला.

"बोटीवर तू असल्या फळीवर झोपायचास?"

"एवढी कुठली," पप्पा म्हणाले. त्यांनी फळीवर वितीनं मोजून दाखवलं. "इथून इथपर्यंत. दोघं. एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे."

"आणि वादळ आलं की?"

"मग झोपतच नाही."

आई त्या मोजलेल्या जागेकडे बघत राहिली. मग हळूच आडवी झाली, पाय पोटाशी घेऊन, बरोबर तेवढ्याच जागेत. छताकडे बघत. पप्पा दारात उभे होते. मी बाहेर आले, कारण मला तिथे उभं राहवलं नाही.

दुपारी आम्ही कललेल्या लाँचमध्ये भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. भाकऱ्यांचं गाठोडं काकाकडेच होतं, मी अर्ध्या वाटेपर्यंत गेले, त्यानं ते काठावरून दोनदा फेकलं, दुसऱ्या वेळी माझ्या हातात पोचलं. आईला परत जायचं असतं तर चाळीसच पावलं होती. दर थोड्या वेळानं मी तिच्या पायांकडे बघत होते. मग पाण्याकडे. मग घड्याळाकडे. चार. पाच. रेघ रुंद झाली. खेकडे बिळात गेले.

सहाच्या सुमाराला खालून एक बारीक आवाज आला, कोणी बोटांनी टकटक केल्यासारखा. लाँच सरळ झाली, आणि मग कुठेतरी आतून सैल झाली.

"हलली," आई म्हणाली. तिनं पटकन स्टेअरिंग धरलं. शेंदूर तिच्या तळहाताला लागला.

पप्पा इंजिनच्या चावीवर हात ठेवून थांबले. "कमळी, उतरायचंय का? सांग. होडी मागवतो."

आईनं धक्क्याकडे बघितलं. तिथे नविनकाका उभा होता, एका पायात बूट, एक पाय अनवाणी, हातात आईच्या चपला धरून.

"नविन," ती मोठ्यानं म्हणाली, "चपला गाडीत ठेव. हरवू नको."