पाचवा कोण?

माझे ड्रम्स ऐकून एका पोलीस इन्स्पेक्टरचा डावा पाय सरकारी नोकरीतून फुटला आणि आमच्या बँडला येऊन मिळाला, असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आजवर कुणी ठेवलेला नाही. आमच्या घरात तर माझ्यावर अविश्वास दाखवण्याचं खातं एकाच व्यक्तीकडे कायमचं होतं, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली.

ती व्यक्ती म्हणजे माझी बायको. बाहेरच्या खोलीत मी पाहुण्यांना काही रंगवून सांगायला लागलो की आतून, भांड्यांच्या आवाजातून, तिचा आवाज यायचा, "खोटं." एवढंच. हातातलं काम थांबवायची नाही, बाहेर डोकावायची नाही. पाहुणे हसायचे. मी म्हणायचो, "बरं बाबा, दोन नव्हते, एकच हत्ती होता," आणि गोष्ट पुढे निघायची. माझ्या गोष्टींना चाकं मी लावली, पण ब्रेक तिचा होता.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढावा लागू लागला, आणि बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, शब्दही आत शाबूत आहेत, फक्त बाहेर येताना वाट चुकतात. सुरुवातीला एकदा तिने पाणी मागायला तोंड उघडलं आणि "छत्री" म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांनी लहान बाळाला म्हणावं तसं "छान, छान" म्हटलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. तिने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

तिचं काय चुकलं सांगा. ही बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अख्ख्या शहराचे आवाज तिने हाताने एकमेकांना जोडून दिले, आणि एकही कॉल भलत्याच्या घरी गेला नाही. चुकीचा शब्द बोलण्यापेक्षा ती उरलेला जन्म गप्प राहिली असती. आणि इकडे घरात मी जे बोलेन ते बिनबोभाट खरं ठरायला लागलं. इतका भयाण काळ मी पाहिलेला नाही.

बोलायला शिकवणाऱ्या बाई सकाळी घरी यायच्या. चित्रांचे पत्ते दाखवायच्या: किटली, बूट, गाय. बायको त्या पत्त्यांकडे राँग नंबर लागल्यासारखी बघायची. शेवटी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबा, त्यांना सारखं काही विचारू नका. आपण बोलावं असं त्यांना आतून वाटलं पाहिजे. तुम्ही आपले नुसते बोलत राहा."

नुसते बोलत राहा, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

तेव्हा त्या सकाळी मी ठरवलं, आज अशी एक थाप हाणायची की हिला गप्प बसणंच अशक्य व्हावं. खिडकीशी बायकोची खुर्ची, समोर स्टुलावर बाई, पलंगावर मांडी घालून माझी नात, तिच्या मांडीवर गिटार. नात कॉलेजात बँड चालवते. पोरं मोर्चात गातात, आणि त्यांना आमचं एक जुनं गाणं हवं होतं. त्या गाण्याचं कुठे रेकॉर्डिंग नाही. ते येणारी दोनच माणसं जगात उरली होती. त्यातलं एक बोलत नव्हतं आणि दुसऱ्याच्या बोलण्याला किंमत नव्हती.

"ऐका," मी सुरू केलं. "तेव्हा जमावबंदी होती. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही. बाटल्यांच्या कारखान्यातला संप मोडायला म्हणून ती लावली. मग सरकारला तिचा लळा लागला, आणि संप मोडला तरी ती तशीच राहिली. घरात पोरं जास्त असली तर दोन पाळ्यांत जेवावं लागायचं."

"खरंच?" बाईंनी विचारलं.

"बाई, तुम्ही नवीन आहात," नात म्हणाली.

मी खुर्चीकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"आम्ही चौघं. कायद्यात जेमतेम मावेल एवढा बँड. मी पत्र्याचं काम करायचो, तेव्हा ड्रम्स माझे, तेलाची पिंपं कापून घरीच बनवलेले. गिटारवर रेडिओवाला. मोडक्या रेडिओंचं आतडं जोडून त्याने ॲम्प्लिफायर बनवला होता. गाणं ऐन रंगात आलं की त्यातून मधेच हवामानाचा अंदाज लागायचा. बेसवर शिंपी. आणि गाणारी ही. तिला आम्ही ऑपरेटरच म्हणायचो."

"आणि आजी तुम्हाला काय म्हणायची?" नात म्हणाली.

"अरे. तेव्हापासून आजतागायत अरे. लग्न झाल्यावर माझ्या आईने हिला 'अहो' म्हणायला लावलं. हिने एकदा म्हणून पाहिलं. कोण आलंय म्हणून मी दार उघडून बघून आलो."

बाई हसल्या. खुर्चीत काही नाही.

"त्या काळी थोरामोठ्यांना रॉक म्हणजे भांड्यांची फळी कोसळल्यासारखं वाटायचं. माझ्यापुरतं ते खरंच होतं, झांजा म्हणून मी आईची झाकणंच वाजवायचो. पण आम्ही वाजवायचो ती प्रेमाची गाणी. सरकारशी आमचं भांडण नव्हतं. भांडण सरकारनेच आणून दिलं."

इथे मी आवाज खाली आणला. पुढचा भाग मी कुणाला फारसा सांगत नाही.

"शिंप्याचे वडील गेले. कायदा म्हणजे कायदा, म्हणून आम्ही चौघांनीच त्यांना उचललं. सोबत कुणी नाही. सगळी वस्ती दारात उभी, एकेकटी. कोपऱ्यावर हवालदाराने अडवलं. बोटाने मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग बोट वर नेलं आणि म्हणाला, 'हा पाचवा कोण?'"

नात फिसकन हसली. मग तिने आमच्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

"शिंपी म्हणाला, 'माझा बाप.' हवालदाराने टोपी काढली, आणि चुकलेल्या पोरासारखा भिंतीला चिकटून उभा राहिला."

"आजोबा, हे खरं आहे?" नातीने विचारलं.

मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत माझ्या बायकोने मान वळवली होती. खिडकीकडून माझ्याकडे. त्या दिवशी तिरडीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला तिचा खांदा होता. शिंप्याची आई नको नको म्हणत असताना तिने तो दिला होता. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि बोलली मात्र काही नाही. बोलणार काय? यात खोटं सापडायला हवं ना. मी मनात म्हटलं, बघ गाढवा, खरं बोलून कुणाचं भलं झालंय.

"मग हिने गाणं लिहिलं," मी घाईने पुढे निघालो. "हेडफोन कानाला लावून, कॉल जोडता जोडता.

चार आम्ही चालतो, मोजून घ्या सरकार,
पाचवा कोण विचारता? विचारा दारोदार.

आणि मग नुसतंच विचारायचं, पाचवा कोण? पाचवा कोण?"

नातीने गिटारवर हळूच काहीतरी चाचपून पाहिलं.

"गायचं कुठे? कामगारांच्या इमारतींमधल्या चौकात. पाळी सुटल्यावर, संध्याकाळी. चौकात आम्ही चौघं. ऐकणारे आपापल्या खिडकीत, घरटी चार. जमाव कुठेच नाही. इन्स्पेक्टर आला, आम्हाला मोजलं, चार. खिडक्या मोजल्या, मोजता मोजता मान अवघडली. एकही गुन्हा सापडेना. आणि तेवढ्यात मी ड्रम्सना हात घातला."

आता मी बाह्या सरसावल्या. "त्याचा डावा बूट ताल धरायला लागला. त्याने उजव्या बुटाने तो दाबला. बूट ऐकेना. त्याने पायाला तोंडी ताकीद दिली, मग चारचौघांसमोर निलंबित केलं. पाय म्हणाला, राजीनामाच घ्या, आणि लंगडी घालत आमच्याकडे आला."

"मागच्या वेळी साहेबाचा घोडा नाचला होता," नात म्हणाली.

"घोड्यावरून उतरल्यानंतरची ही गोष्ट आहे."

"आणि कोंबड्या?"

"त्यांनी तालावर अंडी घातली. समेवर एक, बरोब्बर. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची कवळी पेल्यातल्या पाण्यात होती, ती तिथूनच कोरसमध्ये गायली."

बायकोच्या ओठाचा डावा कोपरा किंचित हलला. मी श्वास रोखला. कोपरा परत जागेवर गेला, आणि तिने मान पुन्हा खिडकीकडे वळवली.

खरं सांगतो, तेव्हा माझं अवसान गळालं. कवळी हा माझा हुकमाचा एक्का होता. त्याच्यावर हिने घरात, लग्नघरात, एकदा दवाखान्याच्या रांगेतसुद्धा "खोटं" म्हटलं होतं. आता पोतडीत काही उरलं नव्हतं आणि गोष्ट संपत आली होती. बाई पत्ते गोळा करायला लागल्या.

"मग पुढे?" नातीने विचारलं. तिला गाणं हवं होतं, ती का सोडेल.

"पुढे त्यांनी वीज तोडली," मी म्हणालो. आवाजात आता जोर राहिला नव्हता. "गिटार मुकी झाली, बेस मुका झाला. हिच्या हातात मेलेला माइक. माझे ड्रम्स तेवढे चालू, पत्र्याला वीज लागत नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, झालं, आता घरी जा. हिने माइक खाली ठेवला. आणि एक्स्चेंजमध्ये बोलायची त्या आवाजात, ओरडून नाही, साध्या आवाजात, खिडक्यांना विचारलं, 'पाचवा कोण?' कुणी हलेना. हिने परत विचारलं. तेव्हा शिंप्याच्या आईची बंद खिडकी उघडली. म्हातारी म्हणाली, 'मी.' मग पलीकडची खिडकी, 'मी.' मग वरची. मग मागच्या इमारतीतली, जिथून आम्ही दिसतसुद्धा नव्हतो. मी, मी, मी. शेवटी कोण म्हणालं ते कळेना."

बाईंनी पत्ते पुन्हा मांडीवर ठेवले.

"आजी घाबरली नाही?"

"मला काय ठाऊक, तिची पाठ माझ्याकडे होती. मला फक्त तिचा डावा हात दिसायचा. गाताना ती तो हात कमरेमागे न्यायची आणि तळवा असा खाली दाबायची, फक्त मला दिसेल असा. दर कार्यक्रमात. त्या दिवशी तर सारखी."

"का?"

"का म्हणजे? शाब्बास म्हणून. ड्रमर घड्याळासारखा वाजवत असला की गाणारे असं करतात. जगभरचा रिवाज आहे."

नातीने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आमच्या ड्रमरला मी असा हात करते तेव्हा…"

"तुमचा ड्रमर वेगळा," मी म्हणालो. "गिटार घे. चाल मिळाली का? मी ताल धरतो."

कपाटावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तो मांडीत घेतला, उपडा केला आणि बोटांनी सुरुवात केली. पत्रा ओळखीचा निघाला. नातीने चार स्वर लावले, दोन चुकले, परत लावले, आणि मग गाणं सापडलं. ती गुणगुणू लागली, मोजून घ्या सरकार. किती वर्षांनी ते खोलीत आलं होतं. माझी बोटं तरुण झाली. कडव्यापर्यंत आम्ही बरोबर होतो. मग गिटार जरा मागे पडायला लागली.

"आजोबा," नात म्हणाली.

"तू तुझं बघ, माझा काटा पक्का आहे."

आणि तेव्हा मला तो हात दिसला. खुर्चीच्या दांडीवरून बायकोचा डावा हात उठला. कमरेमागे न्यायला उशी आड आली, म्हणून खुर्चीच्या बाजूने खाली सोडला. तळवा पसरला आणि खाली दाबला. एकदा. परत एकदा, जरा जोरात.

त्या तळव्याला मुद्दाम न जुमानण्याची माझी आजवर कधी हिंमत झाली नव्हती. चौकात नाही, संसारात नाही. त्या सकाळी मी ती केली.

"बघ," मी नातीला म्हणालो, "शाब्बासकी मिळतेय." आणि हात आणखी मोकळा सोडला.

डबा खडखडायला लागला. नातीने गिटार सोडून दिली. बाई काही बोलायला गेल्या, तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. खुर्चीतला तळवा आता हवा कुटत होता. बायकोचा चेहरा लाल झाला होता, मानेची शीर ताठ, ओठ एका बाजूने उचलत होते आणि परत पडत होते. मी बोटं थांबवली नाहीत. उलट मी म्हणालो, "तेव्हाही अस्साच वाजवला होता, घड्याळासारखा, म्हणून तर ही सारखी शाब्बास शाब्बास…"

"खोटं."

मी एकदम थांबलो नाही. एक शब्द निसटतोही कधी, छत्रीसारखा. डबा वाजवत राहिलो आणि डबा ओला कशाने झाला ते बघितलं नाही.

"शाब्बास नाही," माझी बायको म्हणाली. एकेक शब्द हाताने जोडून द्यावा तशी, सावकाश, बरोबर माणसाला. "हळू. हळू, मेल्या. हळू."