पिनेचं टोक

आमच्यात जवाई वयानं केवढाही असो, निघताना सासऱ्यानं त्याच्या पाया पडायचं असतं. आमच्या ह्यांना ते कधी पटलं नाही. "काल-परवाचं पोट्टं, त्याच्या पायावर कायले वाकू?" असं मला घरात ऐकवायचे आणि बाहेर जरासं वाकल्यासारखं करायचे. आमचा जवाई टिकेशही भला. अर्ध्यातच हात धरून "राहू द्या मामाजी" म्हणायचा. दोघांचं निभून जायचं.

त्या रविवारी टिकेश आणि आमची हर्षिता दवनीवाड्याहून गाडीनं आमच्याकडे कुडव्याला आले. गाडी त्याच्या बाबांची, केशोरावांची. घेतली जुनीच, पण त्यांचा जीव सगळा तिच्यात. वाटेत ती धक्के देऊन राहिली होती. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये कचरा असेल, इथंच साफ करतो, म्हणत टिकेशनं अंगणात पोतं अंथरलं. घरी केशोराव तिला हात लावू देत नव्हते.

"काही बिघडलं तं मलेच ऐकावं लागंल," हर्षिता मला हळूच म्हणाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिथं भाजीत मीठ जास्त पडलं तरी तिच्या माहेराचा उद्धार व्हायचा.

पोरानं काम मात्र नीट केलं. बोटाएवढे चार इंजेक्टर काढले, पुसले, आत साफ करायचं औषध मारलं. मग एकेकाला बॅटरीच्या तारा टेकवून रिकाम्या बाटलीत फवारा उडवून पाहिला. तीन इंजेक्टरचा धुक्यासारखा बारीक आला. चौथ्याचा वाकडा आला, तसा तो त्यानं औषधाच्या वाटीत भिजत ठेवला. तेवढ्यात मी जेवायला हाक मारली.

जवाई आत जेवत होता आणि हे अंगणात एकटे. ह्यांचं अख्खं आयुष्य स्टोव्ह दुरुस्तीत गेलं. घरोघरी गॅस आला, दुकान बंद झालं, पण खिशातली स्टोव्हची पिन काही गेली नाही. भोक बुजलं की पिन टोचायची, एवढंच ह्यांना ठाऊक. मी बाहेर आले तर एका हातात इंजेक्टर, दुसऱ्या हातात पिन, आणि पिनेला टोकच नाही.

"काय केलं जी?"

"तुटलं. आतच राहिलं."

"सांगून द्या त्याले."

"सांगतो," म्हणाले आणि इंजेक्टर परत वाटीत ठेवला.

नाही सांगितलं. टिकेशनं येऊन तारा लावल्या, तर फवारा नाहीच, नुसते थेंब गळू लागले. त्यानं तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढून फोन लावला.

"बाबा, गाडीचा एक इंजेक्टर खराब झाला. म्याच पिन टोचली."

पिनेचं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. ह्यांनी मान खाली घातली. पलीकडून केशोराव जे सुरू झाले ते आम्हाला ओट्यावर ऐकू येत होतं. अक्कल काढली, शिक्षण काढलं. टिकेश "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिला. हे नुसते खांबाला टेकून उभे. मला ह्यांचा भयंकर राग आला. पण लाज माझीही वाटली, कारण मीही गप्पच होते.

गाडी इथंच ठेवून बसनं जायचं ठरलं. दारात मी टिकेशला कुंकू लावलं. हे पुढं होऊन वाकले तसा त्यानं नेहमीसारखा हात धरला. "राहू द्या मामाजी."

ह्यांनी तो हात बाजूला सारला, गुडघ्यावर बसले आणि त्याच्या पायावर कपाळ टेकवलं.

"फोन लावा, जवाईबुवा. म्या सांगतो तुमच्या बाबाले."

"नोका सांगू," टिकेश हळूच म्हणाला. "मले चार दिवस बोलतील. तुमचं नाव निघालं तं हर्षिताले जन्मभर बोलतील."

हे उठेचनात. शेवटी हर्षितानंच हातातली थैली खाली ठेवली आणि बापाला दंडाला धरून उभं केलं. ह्यांना तिच्याकडे पाहताही आलं नाही.